कंबरेचे कडे



व्याख्यानमालेच्या चालकांनी आमच्याकडे विषय विचारला, तेव्हा संप, बोनस किंवा नव्या कामगार संहिता ह्यांपैकी काहीतरी आम्ही सांगू, अशी त्यांची कल्पना होती. आम्ही ‘मोडलेली कंबर आणि तिचे उपचार’ असे सांगितले, तेव्हा त्यांनी शिष्टाचाराने मान डोलावली. पण एकाने हळूच विचारलेच की, हा विषय डॉक्टरांचा नव्हे काय? आहे, डॉक्टरांचाच आहे. शस्त्रक्रिया डॉक्टरांनीच करावयाची. पण ही जखम होते ती परांचीवर, बोटीवर, रुळांवर आणि रस्त्यावर, आणि तिथे त्या वेळी डॉक्टर नसतो. तिथे आपण असतो. पुढे टाके निघतात, माणूस घरी येतो. तिथेही डॉक्टर नसतो, आपणच असतो. ह्या दोन टोकांचे काम आमच्यासारख्यांच्या वाट्याला येते, म्हणून हा विषय घेतला.

आमची शाळा नववीत सुटली. पुढे जे काही शिकलो ते वाचनालयात आणि रुग्णालयांच्या व्हरांड्यांत. कामगार संघटनेचा माणूस म्हणजे सदा झेंडा घेऊन फिरणारा, असा लोकांचा समज असतो. वस्तुतः खार, सांताक्रूझ, अंधेरी ह्या भागांत बांधकाम मजूर आणि हमाल ह्यांच्यात तीस वर्षे काढताना आमचा बराचसा वेळ अपघात विभागाबाहेरच्या बाकावर गेला. तिथे बसल्या बसल्या डॉक्टरांना प्रश्न विचारायची सवय लागली. काहींनी हाकलून दिले. काहींनी कागदावर चित्रे काढून समजावले, पुस्तके वाचायला दिली. आज जे सांगतो आहोत ते त्या दुसऱ्या प्रकारच्या डॉक्टरांच्या कृपेने.

आपल्या पोटाच्या खाली हाडांचे एक कडे आहे. वैद्यकाच्या पुस्तकांत त्याला श्रोणी म्हणतात. बोलीत ह्या संबंध कड्याला नाव नाही. आपण खुबा म्हणतो, माकडहाड म्हणतो, म्हणजे तुकड्यांची नावे घेतो, आणि सबंधाला नुसते ‘कंबर’ म्हणून मोकळे होतो. दोन बाजूंना दोन रुंद हाडे, मागे पाठीच्या कण्याच्या शेवटाला असलेले त्रिकोणी हाड, म्हणजे त्रिकास्थी. पुढच्या बाजूला ती दोन हाडे कूर्चेच्या सांध्याने एकमेकांना भेटतात; मागे ती त्रिकास्थीला अतिशय चिवट बंधांनी बांधलेली असतात. वरचा सारा भार कण्यातून ह्या कड्यावर उतरतो आणि कड्यातून दोन पायांत वाटला जातो. पाठीवर गोणी घेणाऱ्या माथाड्याला हे समजावून सांगावे लागत नाही.

कड्याचा एक स्वभाव असतो. काचेची बांगडी एकाच जागी फुटून गोलची गोल राहिली, असे सहसा होत नाही. ती दोन ठिकाणी फुटते. कंबरेच्या कड्याचेही तसेच. क्ष-किरण चित्रात पुढे मोड दिसली की जाणता डॉक्टर लगेच मागे शोधतो. माणूस समोरून चिरडला गेला, तर पुढचा सांधा फाटून कडे उघडते. डॉक्टर त्याला उघडे पुस्तक म्हणतात. आपल्या दांड्याच्या माणसाला उघडा शिंपला म्हटले तर लवकर कळेल. बाजूने मार बसला तर कडे आत दबते. उंचावरून पायांवर किंवा ढुंगणावर पडला, तर कधीकधी कड्याची एक बाजू मागच्या बंधांसकट तुटून वर सरकते, आणि मग एक पाय आखूड दिसतो. टोरांटोचे शल्यविशारद मार्विन टाइल ह्यांनी ह्या मोडींची जी प्रतवारी लावली, तिच्या मुळाशी एक साधा प्रश्न आहे: तुकडे किती झाले हे राहू द्या, कडे अजून धरून आहे की सुटले?

न्हाणीघरात घसरून पडलेल्या आजीबाईंचेही हे कडे पुढच्या बाजूला तडकते. ते दुखते फार, पण बहुधा धरून असते. औषध, थोडी विश्रांती आणि लवकर चालणे ह्यांनी बरे होते. तो आजचा विषय नव्हे. आज आपण सुटलेल्या कड्याविषयी बोलत आहोत, आणि ते सुटायला मोठा जोर लागतो: तिसऱ्या मजल्यावरून पडणे, मागे येणाऱ्या डंपरखाली सापडणे, धावत्या गाडीतून फेकले जाणे, बोट आणि धक्का ह्यांच्यामध्ये सापडणे.

आता मुख्य गोष्ट. मोडलेल्या हाडाने सहसा कोणी मरत नाही. ह्या जखमेत माणूस मरतो तो रक्त गेल्याने, आणि ते रक्त दिसत नाही. हात कापला तर फरशी लाल होते, लोक धावतात. इथे बाहेर थेंबही नसतो. कड्याच्या आतल्या मागच्या भिंतीवर नीलांचे, म्हणजे अशुद्ध रक्त वाहणाऱ्या शिरांचे, दाट जाळे आहे. ते फाटते; मोडलेले हाडही झिरपत राहते; थोड्या रुग्णांत एखादी रोहिणी तुटलेली असते आणि मग प्रकरण फारच झपाट्याने हाताबाहेर जाते. मोठ्या माणसाच्या अंगात रक्त असते सुमारे पाच लिटर. कडे उघडले की आतली पोकळी मोठी होते, आणि तिच्यात व तिच्या मागच्या जागेत त्यातले निम्म्याहून अधिक सहज मावते. कपडे कोरडे, माणूस बोलतो आहे, पाणी मागतो आहे, आणि आतल्या आत रिता होतो आहे. रंग पांढरा पडणे, घाम गार येणे, नाडी बारीक आणि जलद होणे, उगाच बेचैन होऊन बडबडणे, ह्या खुणा ओळखाव्या. अमेरिकेतल्या ११ मोठ्या अपघात रुग्णालयांची एक पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. कंबर मोडून रक्तदाब कोसळलेल्या स्थितीत जे तिथे आले, त्यांतले ३२ टक्के दगावले. सर्व साधने हाताशी असताना ही गत. मग आपल्याकडे रिक्षातून दुमडून नेलेल्या माणसाचे काय होत असेल?

रिक्षाचे आम्ही अलंकार म्हणून बोललो नाही. सेंट्रिंगचे काम करणारा एक तरुण, मूळचा जालन्याकडचा, एका इमारतीच्या तिसऱ्या स्लॅबच्या कडेवरून खाली आला. सोबत्यांनी त्याला उचलले, उभे करून पाहिले, उभा राहीना म्हणून दोघांच्या मध्ये रिक्षात बसवले. आम्ही रुग्णालयात पोचलो तेव्हा तो आम्हाला विचारीत होता, “दादा, पाय आहेत ना माझे?” पाय होते. पाय शाबूत होते म्हणूनच सगळ्यांना वाटले की फार काही झालेले नाही. त्याला अकरा बाटल्या रक्त चढवावे लागले. त्याच्या सोबत्यांना आम्ही एका शब्दानेही बोललो नाही. ती माणसे आपल्या जिवाभावाच्या माणसासाठी जिवाचे रान करीत होती. त्यांना कोणी शिकवलेच नव्हते. काम देणाऱ्याने मुकादम ठेवला होता, रखवालदार ठेवला होता, प्रथमोपचार जाणणारा एकही माणूस ठेवलेला नव्हता.

तेव्हा काय करावे ते आता सावकाश सांगतो. लिहून घेतले तरी चालेल.

उंचावरून पडलेला किंवा चिरडलेला माणूस कंबर, जांघ किंवा ढुंगण दुखते म्हणाला, किंवा तो शुद्धीवरच नसला, तर कंबर मोडली आहे असे धरून चालावे. त्याला बसवू नये, उभे करू नये, कुशीवर लोळवू नये. कंबर दाबून, हलवून ‘मोडली का’ हे पाहू नये. त्या पाहण्यानेच आत धरलेली रक्ताची गाठ सुटते. प्रथम १०८ क्रमांकाला दूरध्वनी करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका २०१४ पासून आहे. खायला, प्यायला काही देऊ नये, कारण कदाचित तासाभरात भूल द्यावी लागेल. पाणी मागणाऱ्याला पाणी नाकारणे आपल्या संस्कारात बसत नाही, हे आम्ही जाणतो. ओठ ओले करावे. अंगावर पांघरूण घालावे. गार पडलेल्या माणसाचे रक्त गोठत नाही.

आणि मग चादर. ज्याने हे काम एकदा हाताने करून शिकले आहे, असा कोणी हजर असेल तर त्याने करावे, आणि रुग्णवाहिका थांबवून मात्र करू नये. चादर, लुंगी, लुगडे, काहीही चालते. लांबीला घडी घालून वीतभर रुंदीचा पट्टा करावा. गुडघ्यांच्या खालच्या पोकळीतून तो सरकवावा आणि दोघांनी दोन बाजूंनी धरून हळूहळू वर न्यावा. कुठवर? इथेच सगळे फसते. आपण कमरपट्टा बांधतो त्या जागी नव्हे. मांडीच्या बाहेरच्या अंगाला, अगदी वर, उभे राहिलो असता हात सरळ सोडले की मनगटाच्या आसपास एक टणक हाड हाताला लागते. पट्ट्याचा मध्य त्या हाडांवर आला पाहिजे. पुढे दोन टोके ओढून घट्ट गाठ मारावी. दोन्ही गुडघे एकत्र बांधावे, पावलेही अंगठे किंचित आत करून एकत्र बांधावी. उघडलेला शिंपला मिटतो, आतली पोकळी लहान होते, मोडलेली टोके एकमेकांवर घासायची थांबतात आणि झिरपणाऱ्या शिरांना गाठ धरायला अवसर मिळतो. एकदा बांधले की रुग्णालयात जाईपर्यंत सोडू नये. रुग्णालयांत ह्याच कामासाठी तयार पट्टा मिळतो. त्याचे तत्त्व चादरीपेक्षा निराळे नाही.

आपल्याच किनाऱ्यावरची गोष्ट आहे. एक खलाशी ओहोटीच्या वेळी बोट आणि दगडी बांध ह्यांच्यामध्ये सापडला. त्या बोटीच्या तांडेलाने असा वर्ग एकदा केलेला होता. त्याने लुंगी बांधली आणि बोटीच्या फळीवर आडवे ठेवूनच त्याला वर आणले. रुग्णालयातल्या डॉक्टरांनी पाहिले तर गाठ चार बोटे वर, कंबरेवरच. त्यांनी हसून ती खाली घेतली आणि म्हणाले, नाखवा, तुम्ही न बांधता नुसते फळीवर आणले असते तरी आम्ही तुमचे पाय धरले असते. फळीचे महत्त्व चादरीहून कमी नाही, हा त्याचा अर्थ.

चादरीविषयी एक गोष्ट इथल्या जुन्या माणसांना आठवत असेल. ११ जुलै २००६ च्या सायंकाळी पश्चिम रेल्वेच्या सात गाड्यांत स्फोट झाले. त्यांतला एक खार आणि सांताक्रूझच्या मध्ये, एक वांद्रे आणि खारच्या मध्ये. रुळांकाठच्या वस्त्यांतली माणसे घरातल्या चादरी घेऊन धावली आणि जखमींना त्या चादरींत घालून त्यांनी वाहून नेले. त्या लोकांना कोणी हुकूम दिला नव्हता. माणुसकी आपल्याकडे भरपूर आहे. तीच चादर लांबीला दुमडून कुठे बांधायची, एवढी अर्ध्या तासाची विद्या तिला जोडायची राहिली आहे.

पुष्कळजण हात लावायला भितात ते पोलिसांच्या लफड्याला. ती भीती आता सोडावी. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ साली परमानंद कटारा ह्यांच्या खटल्यात सांगितले की, जखमीवर तातडीचे उपचार करणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे आणि पोलिसी कागदपत्रे नंतर पाहता येतात. रस्त्यावर मदत करणाऱ्याला त्रास देऊ नये, असे नियम न्यायालयाने २०१६ साली बंधनकारक केले आणि २०१९ साली मोटार वाहन कायद्यात १३४ अ हे कलम घालून त्याला कायद्याचे संरक्षण मिळाले. रस्त्यावरच्या मोटार अपघातात सापडलेल्याला सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख पैसे न भरता मिळावेत, अशी केंद्र सरकारची योजना मे २०२५ मध्ये निघाली. हे सर्व कागदावर आहे. कागदावर असलेले माणसाला माहीत असले तरच तो दारावरच्या कारकुनाला उत्तर देऊ शकतो.

दारावरून आठवले. डंपर मागे घेताना त्याच्याखाली सापडलेली एक बिगारी बाई आम्ही पाहिली. जवळच्या एका रुग्णालयाने खाट नाही म्हणून सांगितले. दुसऱ्याने दाखल करून घेतले आणि तासाभराने आमच्याकडे रक्त नाही म्हणून पुढे पाठवले. तिसऱ्याच्या पायऱ्यांवर ती गेली. नावे घेत नाही. एवढेच सांगतो की, ह्या जखमेत जवळचे रुग्णालय आणि योग्य रुग्णालय ह्यांत फरक असतो. जिथे रक्तपेढी आहे, रात्री शल्यक्रिया होते, हाडांचे आणि पोटाचे दोन्ही शल्यचिकित्सक आहेत, तिथे सरळ न्यावे. आपल्या वस्तीला असे ठिकाण कोणते हे अपघातापूर्वी ठरलेले असावे. पालिकेची मोठी रुग्णालये ह्या कामी अजून गरिबाला सर्वांत भरवशाची आहेत, असे आमचे मत आहे.

आत गेल्यावर काय होते? पहिले काम हाड जोडण्याचे नसते, रक्त थांबवण्याचे असते. पट्टा तसाच ठेवून क्ष-किरण चित्र काढतात, पोटावर ध्वनिलहरींचे यंत्र फिरवून आत रक्त साचले आहे का पाहतात. पूर्वी अशा माणसाला मिठाच्या पाण्याच्या बाटल्यांवर बाटल्या चढवीत. आता कळले आहे की त्याने रक्त पातळ होते आणि गोठत नाही. गेले ते रक्त, तर द्यायचे तेही रक्तच, त्यातल्या रक्तद्रव आणि बिंबिका ह्या घटकांसकट. त्याबरोबर ट्रॅनेक्झामिक ॲसिड नावाचे एक स्वस्त औषध देतात. त्याचा शोध जपानच्या उताको ओकामोटो ह्या विदुषीने आणि त्यांच्या पतीने लावला; बाळंतपणात रक्त जाऊन मरणाऱ्या स्त्रिया त्यांच्या डोळ्यांपुढे होत्या. २०१० साली ४० देशांतल्या वीस हजारांवर जखमींवर ते तपासले गेले. त्यात आपले भारतीय रुग्णही होते. औषधाने जीव वाचतात हे ठरले. पण पुढे हेही दिसले की ते तीन तासांच्या आत द्यावे लागते, उशिरा दिल्यास फायदा नाही, अपायच. रिक्षा, खाट नाही, रक्त नाही, पुढे जा, ह्यांत हे तीन तास जातात.

तेवढ्याने रक्त थांबले नाही, तर डॉक्टर कंबरेच्या दोन्ही हाडांत बाहेरून सळ्या बसवून त्यांना चौकट जोडतात, किंवा ओटीपोटाला छेद देऊन आतल्या भिंतीवर कापडाच्या घड्या दाबून बसवतात. रोहिणीच फुटली असेल तर मांडीतून बारीक नळी वर नेऊन ती आतून बुजवता येते. ही युक्ती १९७२ साली प्रथम प्रसिद्ध झाली. तिला लागणारे यंत्र आणि ते चालवणारा माणूस रात्री दोन वाजता प्रत्येक रुग्णालयात नसतो, हे सांगायला नकोच. बाहेरून चौकट लावून हाड धरण्याच्या विद्येत आपल्या मुंबईचाही वाटा आहे: डॉ. बी. बी. जोशी ह्यांनी हात आणि पाऊल ह्यांसाठी साध्या, स्वस्त सळ्यांची जी पद्धत बसवली, ती ‘जेस’ ह्या नावाने ओळखली जाते.

इथे थोडे थांबून एक विनंती करतो. आपली व्याख्यानमाला उन्हाळ्यात भरते, आणि नेमक्या ह्याच दिवसांत मुंबईच्या रक्तपेढ्यांना तुटवडा पडतो, कारण कॉलेजे बंद आणि लोक गावी. एका मोडलेल्या कंबरेला दहा-बारा बाटल्या लागतात. आमच्या अकरा बाटल्यांपैकी चार, ज्यांनी त्या मुलाला रिक्षात दुमडून आणले होते, त्याच सोबत्यांच्या होत्या. बाकीच्या कोणाच्या, ते आम्हाला कधीच कळणार नाही.

जीव वाचला की काही दिवसांनी कडे जोडण्याची शस्त्रक्रिया. पूर्वी ही नव्हती. कॅनव्हासच्या झोळीत कंबर टांगून, पायाला वजने लावून माणसाला सहा ते बारा आठवडे अंथरुणात ठेवीत. कित्येकांचे हाड वाकडे जुळे, एक पाय आखूड राही, पाठीला जखमा होत. १९२५ साली मेक्सिकोत बस आणि ट्रामची टक्कर होऊन अठरा वर्षांच्या एका मुलीची कंबर तीन ठिकाणी मोडली. ती पुढे जगप्रसिद्ध चित्रकार फ्रीडा काहलो झाली, पण वेदना तिला जन्मभर पुरल्या आणि मूल झाले नाही. आज पुढच्या सांध्यावर धातूची पट्टी आणि मागे त्रिकास्थीत लांब स्क्रू बसवून कडे पुन्हा गोल करतात, आणि रुग्णाला लवकर उठवून बसवता येते. लवकर उठवण्याला मोठे कारण आहे. बेन होगन नावाचा अमेरिकन गोल्फपटू २ फेब्रुवारी १९४९ रोजी मोटार अपघातात सापडला, कंबर मोडली. त्यातून तो सावरत असताना पायात रक्ताच्या गुठळ्या झाल्या आणि फुप्फुसाकडे निघाल्या. पोटातली मोठी नीला बांधून डॉक्टरांनी त्याला वाचवले. १९५० च्या जूनमध्ये त्याने अमेरिकेची खुली स्पर्धा जिंकली. आज गुठळ्या होऊ नयेत म्हणून इंजेक्शने असतात. घरी पाठवताना ती लिहून दिली असली तर पैशापायी मध्येच बंद करू नयेत, हे आम्ही प्रत्येक घरात जाऊन सांगतो. होगनजवळ पैसा होता, हेही सांगतो.

आता जे बोलणार आहोत ते चारचौघांत बोलत नाहीत, पण बोलले पाहिजे. ह्या कड्याच्या आत मूत्राशय आहे, मूत्रमार्ग आहे, आणि पुरुषत्वाच्या व स्त्रीत्वाच्या नसा तिथूनच जातात. मूत्रमार्गाच्या तोंडाशी रक्त दिसले तर तिथून नळी जबरदस्तीने घालावयाची नसते. डॉक्टर प्रसंगी ओटीपोटातून नळी घालतात. पुष्कळ पुरुषांना ह्या जखमेनंतर पत्नीशी संबंध ठेवता येत नाही, काहींना काही महिने, काहींना कायमचा. तो बोलत नाही. ती बोलत नाही. घरात भांडणे सुरू होतात आणि शेजारी म्हणतात, काम गेले म्हणून चिडचिडा झाला. आमच्याकडे एकजण दोन वर्षे ‘कंबर दुखते’ एवढेच सांगत होता. डॉक्टरांना विचारले तेव्हा कळले की ह्यावर औषधे आहेत, मूत्रमार्ग आखडला असेल तर शस्त्रक्रिया आहे. फक्त कोणीतरी विचारायला हवे होते. स्त्रियांच्या बाबतीत आतली जखम राहून जाण्याचा धोका असतो, म्हणून स्त्री-रोगतज्ज्ञाची तपासणी मागून घ्यावी. कंबर मोडलेल्या स्त्रीला पुढे मूल होऊच शकत नाही, असे सासूबाई आणि शेजारणी परस्पर ठरवून टाकतात, तसे नाही. पुष्कळींना होते, कित्येकींची सुटका नैसर्गिकही होते. फ्रीडाच्या काळापासून वैद्यक पुष्कळ पुढे आले आहे.

मग घर. दोन-तीन महिने त्या बाजूच्या पायावर पूर्ण भार देता येत नाही. कुबड्या घेऊन वस्तीच्या अरुंद जिन्यावरून उतरायचे कसे? सार्वजनिक संडासात उकिडवे बसायचे कसे? जमिनीवर ताटापुढे मांडी घालायची कशी? रुग्णालयाच्या कागदावर ‘चालता येते’ असे लिहिलेले असते. खरे आहे, चालता येते. पण सेंट्रिंगवाल्याला उकिडवे बसून खिळे मारावे लागतात, हमालाला ओझे घेऊन फळीवरून चढावे लागते, खलाशाला हलत्या बोटीवर दोन पायांवर तोल धरावा लागतो. चालता येणे आणि काम करता येणे ह्यांतले अंतर मोजणारी फूटपट्टी कोणाजवळ आहे?

कायद्याजवळ यादी होती. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे दर लिहिलेले होते: अंगठा गेला तर कमाईची ताकद ३० टक्के गेली, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, करंगळी ७ टक्के. कंबरेच्या कड्याचे नाव त्या यादीत नव्हते. रचणाऱ्यांनी तुटून पडणाऱ्या वस्तू मोजल्या. कंबर तुटून पडत नाही, ती माणसाबरोबरच राहते. गमतीची गोष्ट म्हणजे रेल्वेच्या प्रवाशांसाठी १९९० साली जे भरपाईचे नियम झाले, त्यांच्या यादीत श्रोणीच्या मोडीचे नाव आहे. गाडीतून पडलेल्याची कंबर यादीत, परांचीवरून पडलेल्याची नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहितेने जुन्या कायद्याची जागा घेतली, पण यादीची रीत तीच आहे. यादीत नसलेल्या जखमेला डॉक्टर जो टक्का लिहील त्यावर सारे.

आणि डॉक्टर टक्का लिहितो तो शरीराचा. इथे दोन निकाल प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावे. प्रतापनारायण सिंग देव विरुद्ध श्रीनिवास साबटा ह्या १९७५ च्या निकालात एका सुताराचा डावा हात कोपराच्या वर कापला गेला होता. सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, एका हाताने सुतारकाम होत नाही, म्हणून त्याची कमाईची ताकद पूर्ण गेली. शिवाय भरपाईचे देणे अपघाताच्या दिवसापासून लागू होते. दुसरा निकाल राजकुमार विरुद्ध अजयकुमार, २०१० चा. त्यात न्यायालयाने शरीराचे नुकसान आणि कमाईचे नुकसान ह्या दोन गोष्टी वेगळ्या करून दाखवल्या: हात गेल्यावर कारकून कदाचित आपल्या नोकरीवर राहील, मोटारचालक किंवा सुतार राहणार नाही. कंबरेला हाच न्याय लावून मागायचा असतो, आणि मागायला कागद लागतात. पहिल्या दिवसाचा रुग्णालयाचा कागद, त्यावर ‘कामावर पडला’ असे लिहिलेले; सर्व क्ष-किरण चित्रे; शस्त्रक्रियेची टिपणे; मस्टरची किंवा हजेरीच्या वहीची नक्कल, निदान मोबाइलवर काढलेले चित्र. जो कामगार राज्य विम्यात आहे त्याला कामावरच्या दुखापतीत बसून असेपर्यंत सरासरी रोजाच्या सुमारे ९० टक्के मिळतात. पण ठेकेदाराने नाव नोंदवलेले असेल तर. म्हणून नाव नोंदले आहे की नाही, हे पडण्यापूर्वी पाहावे.

जालन्याच्या त्या मुलाला पुढे पट्टी आणि दोन स्क्रू बसले. चौदा महिन्यांनी तो काठीशिवाय चालू लागला. डॉक्टरांनी प्रमाणपत्रात २० टक्के लिहिले. शरीराच्या हिशेबाने ते खोटे नाही. तो सेंट्रिंगवर चढू शकत नाही, उकिडवा बसू शकत नाही. आता तो एका कारखान्याच्या फाटकाशी खुर्चीवर बसून गाड्यांचे नंबर लिहून घेतो, रोज पूर्वीच्या निम्म्याहून कमी. आम्ही त्याच्यासाठी वीस नव्हे, शंभर टक्के मागितले आहेत. समोरच्या वकिलाने न्यायाधीशांपुढे त्याला चालून दाखवायला सांगितले, तो चालला. मग आमच्या वकिलांनी त्याला खाली पडलेला खिळा उकिडवे बसून उचलायला सांगितले. तो खिळा न्यायालयाच्या फरशीवरच राहिला. पुढची तारीख जूनमध्ये आहे.